जुनी सात सीटर डिझेल एसयूव्ही: मीटर नंतर, आधी गालिचा उचला

मीटर मागे फिरवता येतो, म्हणून ५०,००० किमी वाचून भुलू नका. पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंग घासलेलं आणि ड्रायव्हर सीटची कड बसलेली असेल, तर गाडी त्याहून बरीच पळालेली आहे. नोंदणी क्रमांक देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधली नोंद मागा. तारखेगणिक किलोमीटर चढत गेलेले दिसायला हवेत.

महाराष्ट्रात सगळ्यात मोठी भीती पुरातल्या गाडीची. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. धुऊन-पुसून अशी गाडी चकाचक होते, पण वायरिंगच्या जोडांत गंज चढत राहतो आणि वर्षभराने सेन्सर, एअरबॅग, पॉवर विंडो एकेक करून दगा देतात. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाचा डाग बघा. गालिचा उचला, सीटच्या रुळांवर आणि बोल्टवर गंज आहे का पाहा, डॅशबोर्डखालच्या जोडण्यांवर हिरवट थर शोधा. गाडीत सुगंध भरभरून मारला असेल तर काचा बंद करून दहा मिनिटं आत बसा आणि त्याखाली कुबट, ओलसर वास दडलाय का बघा. शंका उरली तर ती गाडी सोडाच, किंमत कितीही उतरो.

सकाळी इंजिन गार असतानाच जा. विकणाऱ्याने आधीच चालू करून ठेवलं असेल तर परत या, कारण सेल्फ जास्त घेणं, निळा धूर, इंजिनातल्या टायमिंग साखळीचा खडखडाट हे सगळं गार इंजिनातच कळतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय: पिस्टनच्या रिंगा किंवा टर्बोचं सील गेलंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचं डोकं आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलचा, संशय घ्या. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण सैल करा. धुराचे जोरदार झोत आले तर मोठा खर्च समोर आहे.

पाच सीटर रेनॉ डस्टरही बघत असाल, तर तिच्या १.५ डिझेलला टायमिंग बेल्ट असतो, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा पट्टा. बदलल्याचं बिल नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करा. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. महिंद्रा स्कॉर्पिओच्या २.२ एमहॉक इंजिनाला बेल्टऐवजी साखळी आहे.

चढावर चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबा. आरपीएम (इंजिनाचे फेरे) वाढले पण वेग वाढला नाही, तर क्लच संपला. मागच्या रांगेचा एसीही लावून बघा, तो दुरुस्त करताना छताचं अस्तर काढावं लागू शकतं.

रोजची धाव शहरातच असेल तर बीएस६ डिझेल घेऊ नका. त्यातल्या डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली) काजळी जळायला मोकळ्या रस्त्यावर सलग धाव लागते.

दिल्ली पासिंगची गाडी स्वस्त दिसते, कारण तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले. इकडे आणताना तिथल्या आरटीओची एनओसी आणि महाराष्ट्राचा कर वेगळा धरा.

आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या, थकलेली चलनं विकणाऱ्याकडून भरून घ्या आणि १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करायला अर्ज द्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट, तुम्हाला मिळत नाही.