त्रिग्लाव: चार दिवसांचा हट टू हट ट्रेक आणि शिखर, कसं जमवायचं

आल्प्समध्ये हट टू हट, म्हणजे रोज डोंगरातल्या एका हटपासून (मुक्कामाच्या घरापासून) दुसऱ्या हटपर्यंत चालत जाणं, करायचंय, शेवटी एक खरंखुरं शिखर पण हवंय, पण ग्लेशियर, क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे बर्फातले खिळे), दोराला बांधून बर्फावर चालणं यातलं काही येत नाही, अशा सह्याद्रीत तयार झालेल्या ट्रेकरला मी सगळ्यात आधी स्लोव्हेनियातला त्रिग्लाव सुचवेन. उंची २८६४ मीटर, देशातलं सगळ्यात उंच शिखर, ज्युलियन आल्प्समध्ये. स्लोव्हेनियन लोक म्हणतात की प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी वर जायलाच हवं, त्यामुळे ऑगस्टमध्ये कॉलेजची पोरं, आजोबा, अख्खी कुटुंबं वाटेत भेटतात. पण म्हणून हलक्यात घेऊ नका, वरचा शेवटचा कडा दोन्ही बाजूंनी उघडा आहे आणि तिथे लोक जीव गमावतात.

आधी सीझन. वरच्या हट साधारण जूनच्या शेवटाला उघडतात आणि सप्टेंबरच्या शेवटाला बंद होतात, मला विचाराल तर जुलैचा उत्तरार्ध ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा हाच काळ धरा. त्याच्या आधी सावलीतल्या घळींमध्ये कडक बर्फ राहतो, आइस अ‍ॅक्स लागते, मग हा लेख तुमच्या कामाचा नाही. ऑगस्टचे शनिवार-रविवार टाळा, शिखराच्या कड्यावर अक्षरशः रांग लागते आणि शिखराखालच्या क्रेदारित्सा हटला बेड मिळत नाही.

बुकिंग सगळ्या हटचं आधीच करा, आणि हवामानामुळे जाणं रद्द झालं तर त्यांना कळवा, कारण तुमच्यासाठी अडवलेला बेड संध्याकाळी भिजून आलेल्या दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. ऑस्ट्रियन अल्पाइन क्लबची मेंबरशिप परदेशी माणसालाही घेता येते आणि त्या कार्डावर इथल्या राहण्याच्या दरात चांगली सवलत मिळते, दोन-तीन रात्रींत बराच फरक पडतो. व्हिसा शेंगेनचा. व्हिसासाठी जो इन्शुरन्स काढता त्यात ट्रेकिंग आणि डोंगरातला रेस्क्यू कव्हर आहे का ते नीट वाचा, साध्या पॉलिसीत बऱ्याचदा नसतं.

आता रूट. ल्युब्लियानाहून बसने बोहिन्य लेक, दोनेक तास. तलावाच्या पलीकडच्या टोकाला सावित्सा धबधब्याजवळून चढाई सुरू होते. इथून दोन वाटा आहेत, एक कोमार्चाच्या कड्यातून सरळसोट, केबल लावलेली, ओली असली तर धोक्याची, आणि दुसरी कोम्नाची, जी पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रो-हंगेरियन सैन्याने आघाडीवर सामान न्यायला बांधली, वळणं वळणं घेत बीचच्या झाडीतून वर जाते. पाठीवर चार दिवसांचं सामान असताना पहिल्याच दिवशी कोमार्चा कशाला, कोम्नानेच जा. अडीच-तीन तासांत १५२० मीटरवरचं दोम ना कोम्नी, तिथे सूप प्या, आणि पुढे अजून अडीच तासांवर सात तलावांच्या दरीतली हट, १६८५ मीटर. पहिला मुक्काम इथे. तलावात उतरायला, पोहायला बंदी आहे, आणि नॅशनल पार्कात तंबू ठोकायलाही, तेव्हा टेंट घरीच ठेवा.

दुसरा दिवस मला सगळ्यात आवडतो. दरीतून वर जाताना आधी झाडं संपतात, मग गवत, मग नुसता पांढरा चुनखडक, आणि मधे 'येझेरो व्ह लेद्वित्साह' नावाचा मूत्रपिंडाच्या आकाराचा निळा तलाव. पुढे वाट फुटते, डावीकडे प्रेहोदावत्सी, आपण ह्रिबारित्सेच्या पठारावर, २३५८ मीटर. धुक्यात हे पठार फसवं आहे, खुणा एकेक करून शोधत जायचं, खूण म्हणजे लाल गोलात पांढरा ठिपका, देशभर हीच. पुढची खूण दिसत नसेल तर मागच्या खुणेपाशी थांबा, अंदाजाने पुढे सरकू नका. पलीकडे दोलिचला उतरायचं आणि तिथून सव्वा-दीड तास चढून दोम प्लानिका, २४०१ मीटर, दुसरा मुक्काम. एकूण सहा-सात तास धरा.

पाण्याचं नीट ऐका. सगळा डोंगर चुनखडीचा, पाऊस पडला की सरळ आत मुरतो, त्यामुळे वर झरे जवळपास नाहीत. हटमध्ये पाणी विकत मिळतं आणि महाग असतं, कारण एक तर वितळलेलं बर्फ आणि पावसाचं पाणी साठवतात नाहीतर खालून आणावं लागतं. निघताना दोन लिटर भरलेले हवेतच. आंघोळ विसरा. कॅश ठेवा, कार्ड सगळीकडे चालेलच असं नाही. झोपायला गादी-ब्लँकेट मिळतं, पण आपलं स्लीपिंग बॅग लायनर न्यायचं, बूट दारात काढायचे, रात्री दहाला लाइट बंद. आणि हटच्या वहीत नाव आणि उद्या कुठे जाणार ते लिहायचंच, तुम्ही पोचला नाहीत तर शोध तिथूनच सुरू होतो. इमर्जन्सी नंबर ११२.

शाकाहारी मंडळींनी घाबरू नये पण विचारून घ्यावं. योता म्हणजे आंबवलेली कोबी, राजमा, बटाटा यांचं घट्ट सूप, आणि रिचेट म्हणजे जवाची पातळ खिचडी, दोन्हीत बऱ्याचदा डुकराचं मांस असतं. काउंटरवर 'ब्रेझ मेसा' म्हणा, म्हणजे मांसाशिवाय. श्त्रुक्ली (सारण भरून गुंडाळलेले पिठाचे रोल), भाज्यांचं सूप, अ‍ॅपल स्ट्रुडल यावर निभतं. तरी थेपले आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असू द्या, दुपारच्या खाण्याचा प्रश्न सुटतो.

शिखराचा दिवस. पहाटे लवकर, उजेड झाला की निघा. आल्प्समध्ये उन्हाळ्यात दुपारनंतर वीज-गडगडाट होतो, आणि त्रिग्लावच्या कड्यावर सगळीकडे लोखंडी खिळे आणि स्टीलची केबल आहे, वीज चमकत असताना तिथे असणं म्हणजे सगळ्यात वाईट जागी असणं. आदल्या संध्याकाळी आणि पहाटे हवामान बघा, हटवाल्यांना विचारा, आणि ते नको म्हणाले तर नको. बारा वाजेपर्यंत कडा उतरून खाली आलेलं पाहिजे, या हिशोबाने उलटं मोजा.

मोठी बॅग प्लानिकाला ठेवा. बरोबर पाणी, जॅकेट, हेल्मेट, हार्नेस, ग्लव्हज आणि व्हिया फेराटाचा (केबल लावलेल्या कड्याच्या वाटेचा) सेट, म्हणजे हार्नेसला लावून केबलला अडकवायचे दोन कॅराबिनरवाले पट्टे; हेल्मेटपासून सेटपर्यंतचं हे सगळं बोहिन्यमध्ये भाड्याने मिळतं. सेट शॉक अ‍ॅब्सॉर्बरवालाच हवा, घरच्या स्लिंगला दोन कॅराबिनर लावून चालत नाही, पडलात तर झटका जिरवायला त्यात काही नसतं. नियम साधा: अँकर, म्हणजे केबल खडकात पक्की केलेली जागा, आला की एक कॅराबिनर पुढे लावायचा, मग दुसरा काढून पुढे, दोन्ही एकदम कधीच मोकळे नाहीत, आणि दोन अँकरच्या मधल्या केबलवर एका वेळी एकच माणूस. काही ठिकाणी नुसते खिळे आहेत, केबल नाही, तिथे हातापायाच्या भरवशावर चढायचं. सह्याद्रीत अलंग-मदन केलेल्यांना चढाई जड जाणार नाही, पण खडक वेगळा आहे, आपल्या बेसॉल्टपेक्षा हा चुनखडक हजारो बुटांनी घासून गुळगुळीत झालाय आणि ओला झाला की साबणासारखा सरकतो. पाऊस पडून गेला असेल तर मी तरी खडक वाळेपर्यंत निघणार नाही.

आधी माली त्रिग्लाव, २७२५ मीटर, मग खरा अरुंद कडा. समोरून येणारे भेटतात, तेव्हा घाई नको, रुंद जागा बघून थांबा, तिथेही अडकवलेलेच राहा. प्लानिकापासून माथ्यापर्यंत दीड-दोन तास. माथ्यावर पत्र्याचा छोटा मनोरा आहे, अल्याझेव स्तोल्प, याकोब अल्याझ नावाच्या पाद्र्याने १८९५ मध्ये उभारला. आडोशासाठीच बांधलाय, पण विजेच्या वेळी त्यात शिरू नका. पहिल्यांदा आलेल्याला दोराने पार्श्वभागावर फटके मारायची इथली जुनी रीत आहे, कुणी दोर घेऊन पुढे आला तर हसत वाका. इथे पहिल्यांदा माणसं पोचली १७७८ मध्ये, चौघं जण.

उतरताना माली त्रिग्लाववरून डावीकडे क्रेदारित्सा आहे, २५१५ मीटर, देशातली सगळ्यात उंच हट, शेजारी हवामान केंद्र आणि छोटं चॅपल. तिथून त्रिग्लावच्या ग्लेशियरचे उरलेसुरले बर्फाचे तुकडे बघा. १९४६ पासून त्याचं मोजमाप चालू आहे, तेव्हा तो चौदा हेक्टरच्या आसपास होता, आता एक हेक्टरही नाही, बघून वाईट वाटतं. पण बॅग प्लानिकाला असेल तर त्याच वाटेने परत या, आणि उताराला सगळ्यात जास्त लक्ष द्या, दमलेले पाय आणि संपलेलं टेन्शन एकत्र आले की घात होतो.

बॅग उचलून दोन तासांवर वोद्निकोव दोम, १८१७ मीटर, तिसरा मुक्काम. चौथ्या दिवशी उस्कोव्नित्साच्या कुरणातून स्तारा फुझिनाला उतरायचं, पाचेक तास, गुडघ्यांसाठी काठ्या हव्यातच. कुठे गवळ्यांच्या झोपडीत विरजलेलं दूध, म्हणजे आपलं दहीच, आणि कुट्टूच्या पिठाचे झ्गान्त्सी मिळाले तर बसून खा. गाव तलावाच्या जवळच आहे, ल्युब्लियानाची बस तलावापाशी मिळते, टाइमटेबलचा फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवा, रविवारी गाड्या कमी असतात.