बॅनरची फाईल नेमकी कुठे अडकते?

गणपती जवळ आले की बेळगाव, खानापूर, निपाणीच्या डीटीपी दुकानांत एकच रड: फ्लेक्सची फाईल उघडली की पीसी बसतो. लगेच रॅम आणायला धावू नका. आधी फाईलचा हिशेब करा.

10 बाय 4 फुटांचा फ्लेक्स 150 डीपीआयवर (दर इंचाला 150 ठिपके) केला तर 18,000 बाय 7,200 पिक्सेल होतात, म्हणजे जवळपास 13 कोटी. सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत) दर पिक्सेलला 4 बाइट. पूर्ण भरलेला एक लेयर (चित्राचा एक थर) झाला 518 एमबीचा! असे पाच लेयर म्हणजे 2.6 जीबी, शिवाय अनडूसाठी जपलेल्या जुन्या अवस्था वेगळ्याच. 8 जीबीच्या पीसीत विंडोज आणि ब्राउझर आधीच ठाण मांडून असतात. तोच फ्लेक्स 72 डीपीआयवर केला तर लेयर 119 एमबीवर येतो. चौकात टांगायच्या बॅनरला तेवढे पुरते. मराठी-कन्नड मजकूर बारीक असेल तर तो कोरलड्रॉमध्ये व्हेक्टरच (पिक्सेलऐवजी रेषांच्या रूपात) ठेवावा आणि पिक्सेलचे चित्र फक्त त्याच्या मागे लावावे.

आता हा डेटा जातो कुठून कुठे? प्रोसेसरच्या पोटातच एल1, एल2, एल3 अशा तीन कॅशे, म्हणजे हाताशी ठेवलेल्या छोट्या वेगवान मेमरी, असतात. एल1 जेमतेम काही डझन केबींची, पण उत्तर साधारण 1 नॅनोसेकंदात. एल3 काही एमबींची, तिला दहा-वीस किंवा थोडे जास्त नॅनोसेकंद. रॅमला 100 च्या आसपास. एसएसडीला मात्र शंभरेक मायक्रोसेकंद, म्हणजे रॅमच्या हजारपट, आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला 10 मिलिसेकंदांपर्यंत, म्हणजे लाखपट. खरी दरी रॅम आणि डिस्कच्या मध्ये आहे. पैसे तिथेच लावायचे.

कॅशे चालते ती शेजाराच्या जोरावर. रॅममधून एक बाइट मागितला तरी 64 बाइटांची अख्खी ओळ येते, म्हणजे 4 बाइटांचे 16 पिक्सेल एकदम. पुढचे 15 जवळपास फुकट. एल1, एल2 वाढवता येत नाहीत, म्हणून दुकानदाराने त्यांची काळजी करू नये.

तपासणी अशी. फोटोशॉपच्या खिडकीत खाली डावीकडे जो आकडा दिसतो, त्याच्या बाणातून ‘एफिशियन्सी’ निवडा. 100 टक्के असेल तर काम रॅममध्येच चालले आहे. रॅम वाढवून फरक पडणार नाही. काम चालू असताना आकडा घसरला तर फाईल स्क्रॅच डिस्कवर, म्हणजे रॅम कमी पडली की फोटोशॉप वापरते त्या डिस्कवर, सांडते आहे. मग प्रेफरन्सेसमध्ये परफॉर्मन्स उघडा. मेमरीचा वाटा मुळात 70 टक्के असतो. तो 90 वर नेऊ नका, कारण विंडोजलाच जागा उरली नाही तर तेही डिस्कवर ढकलू लागते आणि दोघेही रखडतात. स्क्रॅच डिस्क एसएसडीवर ठेवा, तिथे जागा मोकळी ठेवा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ पाहा. 2 पैकी 1 दिसला तर त्याच जातीची, त्याच वेगाची दुसरी काडी घाला. दोन काड्यांनी क्षमतेबरोबर रॅमची वाटही रुंद होते.

त्याच पानावरचा ‘कॅश्ड’ आकडा मोठा दिसला म्हणून घाबरायचे कारण नाही. ती रिकामी रॅम विंडोजने फाईलींसाठी वापरलेली असते, गरज पडली की लगेच सोडते. ‘रॅम साफ’ करणारी सॉफ्टवेअर ही भरलेली कॅशे उगाच ओतून टाकतात.

खानापूरच्या पावसात लाईट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून राईट कॅशे समजून घ्या. ‘सेव्ह झाले’ दिसल्यावरही डेटा काही वेळ रॅममध्येच असू शकतो. विंडोज 10 च्या 1809 आवृत्तीपासून पेन ड्राइव्हला मुळात ‘क्विक रिमूव्हल’ असते, पण जुन्या पीसीवर नसते; लिनक्सवर डेटा अर्धा मिनिटही थांबतो. प्रेसला फाईल नेण्याआधी इजेक्ट करा, लिनक्सवर ‘सिंक’ ही आज्ञा द्या. यूपीएस नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या पॉलिसीजखालचे ‘राईट-कॅशे बफर फ्लशिंग बंद करा’ या अर्थाचे खूण-घर रिकामेच ठेवा. तिथे खूण केली आणि लाईट गेली तर फाईलच नव्हे, डिस्कचा सगळा हिशेबही बिघडू शकतो.