जपलेल्या गाडीला आतून गंज लागू नये म्हणून

रत्नागिरी, मालवण, मुरूड, दापोली, कुठेही जा, गाडीला जिवापाड जपणारी माणसं भेटतातच. रविवारी शॅम्पू, अधूनमधून पॉलिश, वेळच्या वेळी सर्व्हिसिंग, वर कव्हर. आणि तरीही एक दिवस दाराच्या खालच्या कडेला रंग फुगलेला दिसतो. डेंटर स्क्रू-ड्रायव्हरने तो फोड टोचतो, तर आत पत्राच उरलेला नसतो. हा गंज आतून बाहेर आलेला असतो. बाहेरून केलेली सगळी निगा त्याच्यापर्यंत पोचलेलीच नसते.

लोखंड गंजायला पाणी आणि हवा पुरते. त्यात मीठ मिसळलं की तेच काम झपाट्याने होतं. मिठाचा दुसरा गुण इथे जास्त महत्त्वाचा आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, त्यामुळे ते त्याहून कमी आर्द्रतेतही ओलं राहतं. म्हणजे पावसाचा थेंब नसताना, एप्रिलच्या रात्रीही, मीठ बसलेला पत्रा भिजलेला असतो. टपावरचं मीठ पावसाने धुऊन जातं. मडगार्डच्या आतल्या वळणात आणि गाडीच्या पोटाखाली पाऊस पडतच नाही. खारं वारं मात्र तिथे बरोबर पोचतं.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवा: आधी आत गेलेल्या पाण्याला वाट मोकळी करायची, मग मीठ धुवायचं, मग पत्रा पूर्ण सुकवायचा आणि सगळ्यात शेवटी वॅक्स किंवा कोटिंग. बहुतेक जण थेट कोटिंगपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

पाण्याच्या वाटा

हे काम मिरगाच्या आधी करा. दाराच्या काचेच्या बीडिंगमधून पाणी दारात उतरतंच, सगळ्या गाड्यांत उतरतं. ते बाहेर जावं म्हणून दाराच्या खालच्या कडेला भोकं ठेवलेली असतात. तशीच भोकं रनिंग बोर्डच्या, म्हणजे दारांखालच्या पोकळ पट्टीच्या, खालच्या बाजूला असतात. कारखान्यात गाडीचा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून त्यातून वीज सोडतात, तेव्हा पोकळ्यांतला जास्तीचा रंगही यातल्या बऱ्याच भोकांतून निथळतो. आपल्याकडे ती तांबड्या मातीने बुजतात. माती ओली असते तोवर सहज निघते, सुकली की घट्ट बसते.

दार उघडा, खाली बसा, कडेखालून बोट फिरवा. भोक सापडलं की नारळाच्या झापाची हीर आत घालून हळू फिरवा. तार किंवा खिळा घालू नका, कारखान्यातला रंग खरवडला गेला तर गंजाला नवीन जागा आपणच करून दिली असं होईल. चारही दारं आणि डिकीचं दार झालं की काचेवरून तांब्याभर पाणी सोडा. ते खालून लगेच निथळायला हवं.

त्यानंतर बॉनेट उघडून वायपरखालचा पन्हाळीसारखा भाग बघा. आंब्या-फणसाखाली किंवा सुरूच्या बनात गाडी उभी राहत असेल तर तिथे पातेऱ्याचा थर असणारच. तो कुजतो, ओल धरतो आणि पाणी वाढलं की ते केबिनमध्ये शिरतं. हाताने सगळं काढा, मग मगाने पाणी ओता आणि ते पुढच्या चाकांच्या मागून खाली येतं का ते बघा. सनरूफ असेल तर त्याच्या चारही कोपऱ्यांतल्या नळ्यांची अशीच परीक्षा घ्या.

एसीचीही वाट असते. दमट दिवशी एसी चालू ठेवून गाडी थोडा वेळ उभी केली तर खाली पाण्याचं थारोळं दिसलं पाहिजे. कोकणच्या हवेत ते दिसलं नाही, तर ते पाणी बहुतेक पायाखालच्या मॅटमध्ये जातंय.

मॅट उचलून बघा

वरवरची मॅट नव्हे, तिच्याखालचं कार्पेट. कोपऱ्यातून वर करा आणि त्याखाली कोरडं वर्तमानपत्र दाबून धरा. ओल असेल तर कागद सांगेल. सकाळी काचा आतून धुरकटलेल्या असणं, एसी लावल्यावर कुबट वास येणं, ही त्याचीच लक्षणं आहेत. नवी गाडी घेताना शोरूममध्ये फ्लोअर लॅमिनेशन आणि पूर्ण तळ झाकणाऱ्या जाड मॅट गळ्यात मारतात. माझं स्पष्ट मत आहे की किनाऱ्यावरच्या गाडीला ते बसवू नये. वरून सगळं स्वच्छ दिसतं आणि खाली शिरलेली ओल महिनोन्‌महिने सुकत नाही. सुट्या रबरी मॅट बऱ्या, काढून उन्हात टाकता येतात.

डिकीत स्टेपनी उचला. बाजारातून मासळी आणताना थर्माकोलच्या पेटीतून गळलेलं बर्फाचं पाणी नेमकं त्या खड्ड्यात जाऊन बसतं, आणि ते खारट असतं. गोड्या पाण्याने धुवा, पुसा, स्टेपनी बाहेर ठेवून दिवसभर डिकी उघडी ठेवा. यापुढे पेटीखाली प्लॅस्टिकचा खोल ट्रे ठेवा.

धुण्याचं पाणी

पावसाळा संपला की, ऑक्टोबरच्या उन्हात, गाडी रॅम्पवर चढवून खालून धुवून घ्या. मडगार्डच्या आतली दुमडलेली कड बोटाने चाचपा. तिथे मातीची वळकटी साठलेली असते आणि ती महिनाभर ओली राहू शकते. आतलं प्लॅस्टिकचं अस्तर काढायला सांगितलंत तर उत्तमच, त्याच्यामागे काय साठतं ते एकदा तरी स्वतः पाहा. प्रेशरचा फवारा वायरिंगच्या जोडांवर आणि रबरी सीलवर जवळून मारू देऊ नका.

पाणी कुठलं आहे तेही बघा. खाडीकाठच्या कितीतरी विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. जिभेला खारट लागणाऱ्या पाण्याने गाडी धुणं म्हणजे तिच्यावर मीठ शिंपडणं. अशा वेळी आतल्या बाजूच्या गावातलं वॉशिंग सेंटर गाठा, नाहीतर धुणं लांबवा.

दाभोळ–धोपावे, वेश्वी–बागमांडला किंवा जयगड–तवसाळ फेरीबोटीतून गेलात, आणि वाऱ्याने तुषार उडत होते, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चाकांच्या आत आणि खाली गोडं पाणी मारा. पुळणीवर गाडी मात्र उतरवूच नका. खारी वाळू अशा फटींत जाते की रॅम्पवरही ती निघत नाही.

सुकवणं, मग वॅक्स

हिवाळ्यातले कोरडे दिवस यासाठी राखून ठेवा. धुतल्यावर गाडी चालवून आणा, मग दारं-डिकी उघडी टाकून दोन-तीन दिवस उन्हात सुकू द्या. धुऊन लगेच त्याच रॅम्पवर काळं रबरी कोटिंग मारणाऱ्या गॅरेजला नाही म्हणा. ओल किंवा गंज कोटिंगखाली दाबला गेला की तो आत वाढत राहतो आणि वरून काही कळत नाही. उघड्या तळाला रबरी कोटिंग चांगलंच आहे, खडी लागते तिथे ते टिकतं. पण रनिंग बोर्ड, दारं, टप पेलणारे खांब यांच्या पोकळीत त्याचा उपयोग नाही. तिथे कॅव्हिटी वॅक्स लागतं. ते पातळ असतं, स्पॉट-वेल्डिंगच्या जोडांत, दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत शिरतं आणि सुकल्यावरही मऊ राहतं. लांब नळीच्या टोकाला चारही बाजूंनी फवारणारं नोझल लावून ते मूळच्या भोकांतून आत मारतात.

काम चालू असताना शक्यतो शेजारी उभे राहा. खांबांमध्ये सीटबेल्टची गुंडाळी असते, टपाच्या कडेला एअरबॅग असू शकते. तिथे फवारा जाता कामा नये. ब्रेक आणि सायलेन्सर झाकून घ्या. इलेक्ट्रिक गाडी असेल तर जास्त व्होल्टेजच्या भगव्या केबलच्या आसपास कंपनीच्या माणसाशिवाय कुणाला हात लावू देऊ नका. दुसऱ्या दिवशी हीर घेऊन निथळणीची भोकं पुन्हा तपासा, वॅक्सने बुजली असतील तर मोकळी करा. जुनं इंजिन ऑइल फवारायची पद्धत अजून चालते. स्वस्त पडते, पण त्याने रबरी बुश आणि सील फुगून खराब होतात.

गाडी उभी राहते कुठे

मुंबईला नोकरी आणि गाडी गावी, असं असेल तर कव्हर काढून ठेवा. भिजलेलं किंवा दमट हवेत घातलेलं कव्हर गाडीभोवती ओल कोंडून धरतं. वर पत्र्याची शेड आणि बाजू मोकळ्या, हे बंद गॅरेजपेक्षा चांगलं. गवतावर किंवा ओल्या मातीवर उभी करू नका, खाली चिरे किंवा काँक्रीट असू द्या. मागे राहणाऱ्या काकांना नुसतं इंजिन चालू करायला सांगू नका. आठवड्यातून एकदा दूरवर चक्कर मारून आणायला सांगा. आल्यावर उन्हात दारं उघडी ठेवायलाही सांगा.

गंज सापडलाच तर

वरवरचा असेल तर तारेच्या ब्रशने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा. खोबणीत राहिलेल्या डागांवर रस्ट कन्व्हर्टर लावा, तो काळा पडून सुकला की इपॉक्सी प्रायमर, मग रंग. पंक्चरवाल्याने जॅक लावला की रनिंग बोर्डखालच्या पट्टीचा रंग उडतो, तिथेही हेच करा, त्याच आठवड्यात.

भोक पडलं असेल तर पुट्टी भरून रंग मारू देऊ नका. पुट्टी ओल शोषते आणि काही महिन्यांत फोड परत येतो. सडलेला पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करायला सांगा. रनिंग बोर्ड, सीटबेल्टचे बोल्ट किंवा सस्पेन्शनच्या जागा असतील तर याला पर्याय नाही, कारण अपघातात तोच पत्रा माणसांना वाचवतो. वेल्डिंगच्या उष्णतेने मागच्या बाजूचा रंग जळतो, आणि तिकडे कुणाची नजर जात नाही. म्हणून डेंटरचं काम झाल्यावर, बाहेरून रंग कितीही सुरेख जमला तरी, त्या जागी आतून वॅक्स मारल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.