गेम खेळायच्या आणि बनवायच्यापण, मग लिनक्स कुठलं टाकायचं?

चवथीला डिचोलीत घरी गेलो तर भाचा लॅपटॉप घेऊन तयारच, म्हणे मामा स्टीमवर (गेम विकत घेऊन खेळायचं ॲप) खेळायचंय आणि गोडोमध्ये (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) स्वतःची गेमपण बनवायचीय तर लिनक्स कुठलं टाकू. हे बरीच पोरं विचारतात म्हणून नीट लिहितो.

डिस्ट्रोचं, म्हणजे लिनक्सच्या प्रकाराचं, नाव राहूदे, आधी ग्राफिक्स कार्ड कुठलं ते बघा. एएमडी किंवा इंटेल असेल तर ड्रायव्हर कर्नलसोबतच (लिनक्सचा गाभा) येतो, वेगळं काही करायचं नाही. एनव्हीडिया असेल तर ड्रायव्हर वेगळा घालावा लागतो आणि नवीन माणूस तिथेच अडकतो.

पहिल्यांदाच येत असाल तर माझं मत लिनक्स मिंट, सिनॅमन डेस्कटॉपवालं. विंडोजवरून आलेल्याला लगेच ओळखीचं वाटतं, उबुंटू एलटीएसवर (उबुंटूची बरीच वर्षं अपडेट मिळणारी आवृत्ती) बनलंय त्यामुळे उबुंटूसाठी लिहिलेली बहुतेक मदत इथे लागू पडते, आणि एनव्हीडियासाठी ड्रायव्हर मॅनेजर उघडून रेकमेंडेड लिहिलेला ड्रायव्हर निवडायचा, बस.

फक्त एक सांभाळा. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरू होताना अडवणारी लॅपटॉपमधली सोय) चालू असेल तर ड्रायव्हर घालताना मध्येच एक पासवर्ड ठरवायला सांगतात, आणि रिस्टार्ट झाल्यावर निळा स्क्रीन येतो त्यात एनरोल एमओके निवडून तोच पासवर्ड टाकायचा असतो. हा स्क्रीन थोडा वेळच थांबतो. भाच्याने घाईत एंटर दाबून तो घालवला, मग ड्रायव्हर इन्स्टॉल झालेला दिसत होता पण चालू होत नव्हता आणि दोन तास आम्ही भलतीकडेच शोधत बसलो. पासवर्ड कागदावर लिहून ठेवा.

स्टीमचं साधं पॅकेज घ्या, फ्लॅटपॅक (बाकी सिस्टीमपासून वेगळं ठेवलेलं पॅकेज) नको, त्याला दुसऱ्या ड्राइव्हवरच्या गेम परवानगी दिल्याशिवाय दिसत नाहीत. आधी सेटिंगमध्ये कंपॅटिबिलिटीत जाऊन सगळ्या गेमसाठी स्टीम प्ले चालू करावं लागायचं, नवीन स्टीममध्ये ते आपोआपच चालू असतं. स्टीमवाल्या वाल्व कंपनीने २०१८ मध्ये प्रोटॉन (विंडोजच्या गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) आणलं तेव्हापासून विंडोजच्या बऱ्याच गेम अशाच चालतात, तुमची गेम कशी चालते ते प्रोटॉनडीबी साइटवर आधी बघा. व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट मात्र अँटीचीटमुळे (चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर) चालत नाहीत, त्याच खेळायच्या असतील तर विंडोज ठेवा, कुठलंही डिस्ट्रो घेतलं तरी यात फरक पडणार नाही. आणि गेम विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवर ठेवून प्रोटॉनने चालवू नका, त्रास होतो, लिनक्सची एक्सटी४ पार्टिशन करा.

बनवण्यासाठी गोडो मस्त. फाइल उतरवा, झिप सोडा, डबल क्लिक करा, इन्स्टॉल करायची भानगडच नाही, आणि एक्सपोर्ट टेम्प्लेट घेतले की लिनक्सवर बसून मित्रांसाठी विंडोजची फाइल काढता येते. थ्रीडीसाठी ब्लेंडर आणि चित्रांसाठी क्रिता आहेतच.

बझाइट आणि नोबारा गेमिंगसाठीच बनवलेली आहेत, दोन्ही फेडोरावर. फक्त खेळायचं असेल तर बझाइट खरंच छान, पण त्यात मूळ सिस्टीमला हात लावता येत नाही, सॉफ्टवेअर फ्लॅटपॅक नाहीतर कंटेनरमधून (सिस्टीमच्या आतच वेगळा ठेवलेला कप्पा) घालावं लागतं, आणि कोडिंग शिकताना रोज नवीन टूल लागतं तेव्हा नवख्याचा गोंधळ होतो. म्हणून शिकणाऱ्याला मी मिंटच सांगतो.

आपल्याकडे पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळे यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर आभाळ गडगडत असताना इन्स्टॉल करायला बसू नका. बॅकअप आधी घ्या. पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून वायफाय, आवाज आणि गेमपॅड लागतात का बघा, सगळं लागलं तरच इन्स्टॉल दाबा, आणि ड्रायव्हर बसला की लगेच मिंटमधल्या टाइमशिफ्टने एक स्नॅपशॉट काढून ठेवा, म्हणजे काही बिघडलं तर सिस्टीम परत तशीच करता येते.