लो-फ्लोअर ट्रामच्या डिझाइनमध्ये शिरताना

ट्राम डिझाइनमध्ये नवीन येणाऱ्या बहुतेकांना गाडीचं तोंड काढायचं असतं. मोठी काच, वळणदार नाक, दिव्यांची पट्टी. ते काम फार थोड्यांच्या वाट्याला येतं, आणि खरं सांगायचं तर गाडी त्यावर ठरतही नाही. ती ठरते फ्लोअरच्या उंचीवर. मी बॉडीच्या टीममध्ये काम करतो, त्यामुळे माझं मत थोडं एकांगी असेल, पण या क्षेत्रात यायचं असेल तर आधी ही उंची डोक्यात पक्की बसवा.

जुन्या ट्रामचा फ्लोअर रुळापासून साधारण 85 ते 90 सेंटीमीटर वर असायचा. खाली एक्सल, मोटारी, गिअर असा सगळा संसार, आणि प्रवाशाला दोन-तीन पायऱ्या. आजच्या ट्राममध्ये तोच फ्लोअर 30 ते 35 सेंटीमीटरवर असतो. 1984 मध्ये जिनिव्हात फ्लोअरचा मोठा भाग खाली घेतलेली गाडी आली. 1987 मध्ये फ्रान्सच्या ग्रेनोबलने नवी ट्राम सुरू केली ती तिथल्या अपंग संघटनांच्या रेट्यामुळे व्हीलचेअर सरळ आत जाईल अशीच. 1990 मध्ये जर्मनीतल्या ब्रेमेनला दारापासून दारापर्यंत सपाट फ्लोअरच्या गाडीचा नमुना धावला.

मग खालचं सामान गेलं कुठे? छतावर. कन्व्हर्टर (मोटारीला हवी तशी वीज करून देणारा), एसी, ब्रेक रेझिस्टर (ब्रेक लावताना तयार होणारी वीज उष्णतेत घालवणारा), बॅटरी, सगळं वर. त्यामुळे गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकला, बाजूच्या खांबांवरचा भार वाढला आणि डेपोत छताच्या उंचीचे प्लॅटफॉर्म बांधावे लागले. नवख्या माणसाला छत म्हणजे मोकळी जागा वाटते. प्रत्यक्षात तिथे इंचाइंचासाठी भांडणं होतात, आणि ती बहुतेकदा एसीवाले जिंकतात.

सगळ्यात अवघड दुखणं चाकांचं. नेहमीच्या रेल्वेत दोन चाकं एका एक्सलवर घट्ट बसवलेली असतात आणि चाकाचा पृष्ठभाग किंचित शंकूसारखा असतो. गाडी एका बाजूला सरकली की त्या बाजूचं चाक मोठ्या व्यासावर फिरतं आणि जोडी आपोआप मध्यावर येते. लो-फ्लोअर गाडीत नेमका हा एक्सल प्रवाशांच्या वाटेत येतो. तो काढून चाकं सुटी फिरू दिली तर वाट मोकळी होते, पण ही आपोआप सावरण्याची सोय जाते. चाक एकीकडे झुकून रुळाला घासतं, फ्लँज, म्हणजे चाकाला रुळावर धरून ठेवणारी कड, झिजते, वळणावर गाडी किंचाळते.

यावर प्रत्येकाने आपापली वाट काढली. काहींनी दोन्ही टोकांना नेहमीच्या बोगी, म्हणजे चाकांच्या फिरत्या चौकटी, ठेवल्या आणि तेवढ्या भागात फ्लोअर उंच राहू दिला. प्रागच्या 15टी गाडीत सोळाही चाकांना स्वतंत्र मोटार आहे आणि बोगी खरोखर वळतात. व्हिएन्नाच्या गाडीने तर नेहमीची बोगीच टाकून दिली आणि दाराशी उंची 20 सेंटीमीटरच्या आत आणली. माझं विचाराल तर रूळ जुने आणि वळणं तीव्र असतील तिथे शंभर टक्के लो-फ्लोअरचा हट्ट महाग पडतो. जाहिरातीत तो छान दिसतो, ही गोष्ट वेगळी.

नव्या माणसाने आपल्या हाताने करून बघावं असं एक गणित आहे. नव्या चाकाचा व्यास 600 मिलीमीटर आणि झिजीची मर्यादा 520 धरा. व्यास 80 ने कमी झाला म्हणजे फ्लोअर 40 मिलीमीटर खाली गेला. त्यात गाडी भरली की स्प्रिंग दबतात, फ्लोअर आणखी खाली. फलाट मात्र हलत नाही. पायरी दोन-तीन बोटांची झाली तरी व्हीलचेअरचं छोटं पुढचं चाक अडतं. उलट फ्लोअर फलाटाच्या खाली गेला तर बाहेर सरकणारं दार फलाटाला घासतं, म्हणजे चूक एकाच दिशेला चालते. म्हणून चाक झिजेल तसे स्प्रिंगखाली शिम, म्हणजे उंची भरून काढणाऱ्या पातळ चकत्या, घालतात. ते किती घालायचे, केव्हा, कोण घालणार, हे बोगीवाले, दारवाले आणि डेपो यांनी मिळून ठरवायचं असतं. पहिल्या नोकरीत तुमच्याकडे असलंच काहीतरी येईल. कंटाळवाणं समजू नका, सगळी गाडी त्यात येते.

भार कुठून कुठे जातो हे समजायला सीमेन्सच्या कॉम्बिनो ट्रामचं प्रकरण जरूर वाचा. ॲल्युमिनियमची, मॉड्यूल म्हणजे सुटे डबे जोडून केलेली, अनेक शहरांनी घेतलेली गाडी. 2004 मध्ये सीमेन्सला जास्त किलोमीटर धावलेल्या गाड्या रस्त्यावरून काढायला सांगावं लागलं, कारण बॉडीला तडे जात होते. अशा गाडीत मधल्या काही मॉड्यूलना चाकंच नसतात, ती शेजाऱ्यांच्या आधारावर लटकलेली असतात. एका पाठोपाठ उलटसुलट वळणं आली की बॉडी पिळली जाते, आणि हा पीळ आधी धरलेल्यापेक्षा बराच जास्त निघाला. फटीग, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या भाराने धातूला तडे जाणं, शिकताना पाठ्यपुस्तकातल्या नमुन्यांपेक्षा हे एक प्रकरण जास्त शिकवतं.

अभ्यासाचं म्हणाल तर स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, फटीग आणि वेल्डिंग पक्कं हवं. सॉफ्टवेअर कुठलंही चालेल, ते कंपनी बदलली की बदलतंच. ईएन 12663 आणि ईएन 15227 ही दोन युरोपियन मानकं आधीच चाळून ठेवा. पहिलं बॉडीच्या ताकदीबद्दल आहे, दुसरं धडकेबद्दल. ट्रामची धडक दुसऱ्या ट्रामशी ताशी 15 किलोमीटर वेगाने गृहीत धरतात. हा आकडा फार लहान वाटतो, पण गाडीच्या पुढच्या भागाची अर्धी रचना त्यावर उभी आहे. इलेक्ट्रिकलची भीती असेल तर निदान 750 व्होल्ट डीसी वरून येऊन मोटारपर्यंत कुठल्या वाटेने जातो एवढं तरी समजून घ्या.

संधी मिळाली तर ऑफिसच्या आधी डेपोत काही महिने काढा. चाकांना पुन्हा आकार देणाऱ्या व्हील लेथजवळ उभं राहून चाक कुठल्या बाजूने झिजलंय ते बघा, पॅनेल काढायला किती बोल्ट सोडावे लागतात ते मोजा. मेकॅनिकच्या शिव्या म्हणजे फुकटचा डिझाइन रिव्ह्यू. तिथून आलेली मुलं मीटिंगमध्ये लगेच ओळखू येतात.

मुलाखतीला रंगीत रेंडर, म्हणजे संगणकावर काढलेली गाडीची देखणी चित्रं, नेऊ नका, किंवा नेले तरी वर ठेवू नका. धावत असलेली कुठलीही एक ट्राम निवडा आणि बोगीच्या वरून तिचा आडवा छेद काढा: चाकं, त्यांवरची झाकणं, मधल्या वाटेची रुंदी, वरच्या सीट, छतावरचं सामान, आणि चाक पूर्ण झिजल्यावर यातलं काय किती सरकतं. मी मुलाखती घेतो तेव्हा असा कागद समोर आला की बोट एका सीटवर ठेवतो आणि विचारतो, याच्या खाली काय आहे?