लॅपटॉपला जोडायचा छोटा प्रोजेक्टर: गावाच्या हिशेबाने निवड

विदर्भातल्या गावांत प्रोजेक्टर लागतो तो जिल्हा परिषदेच्या शाळेत, ग्रामसभेत, बचत गटाच्या बैठकीत आणि कृषी विभागाच्या शेतीशाळेत. यांपैकी एकाही ठिकाणी जाड पडद्यांची अंधारी खोली नसते आणि विजेची खात्री नसते. उन्हाळ्यात टिनाच्या छताखाली बसवत नाही, ही तिसरी अडचण. त्यामुळे किंमत पाहण्याआधी तो कुठे, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि किती माणसांसमोर लावायचा, हे ठरवून घ्यावे. बाकीची निवड त्यावरून बरीचशी आपोआप होते.

सर्वांत आधी उजेडाचा विचार करावा, कारण जाहिरातीत सर्वाधिक फसगत याच आकड्याने होते. प्रोजेक्टरचा उजेड ल्युमेन्समध्ये सांगतात, परंतु खोक्यावर नुसते ‘९००० ल्युमेन्स’ असे छापलेले असेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. पडद्यावर प्रत्यक्ष पडणारा प्रकाश ठरलेल्या पद्धतीने मोजला असेल तरच ‘एएनएसआय ल्युमेन्स’ किंवा ‘आयएसओ ल्युमेन्स’ असे लिहिलेले असते, आणि तोच आकडा विचारावा. हातात मावणाऱ्या, बॅटरीवरच्या यंत्रांत तो बहुधा २०० ते ५०० च्या दरम्यान असतो. ३०० एएनएसआय ल्युमेन्सच्या यंत्राने दीड मीटर रुंदीचे चित्र रात्री अंगणात किंवा समाजमंदिरात छान दिसते. तेच चित्र तीन मीटर रुंद केले तर तितकाच प्रकाश चौपट जागेत पसरतो आणि उजेड चौथाईवर येतो. दिवसा, खिडक्या उघड्या असलेल्या वर्गात शिकवायचे असेल, तर बॅटरीचा मोह सोडून ३००० एएनएसआय ल्युमेन्सच्या आसपासचे, विजेवर चालणारे यंत्रच घ्यावे. माझ्या मते बहुतेक शाळांसाठी हाच पर्याय योग्य आहे, कारण शाळा दिवसा भरते.

दुसरी बाब रिझोल्युशनची, म्हणजे चित्र किती ठिपक्यांचे बनते याची, आणि मराठी मजकूर दाखवणाऱ्याने ती जरा जास्तच काटेकोरपणे पाहावी. ‘फुल एचडी सपोर्ट’ याचा अर्थ एवढाच, की यंत्र १९२० × १०८० चे चित्र लॅपटॉपकडून स्वीकारते. ते पडद्यावर मात्र ८०० × ४८० इतक्याच ठिपक्यांत दाखवत असेल, असे स्वस्त यंत्रांत नेहमी आढळते. म्हणून ‘नेटिव्ह रिझोल्युशन’, म्हणजे यंत्राचे स्वतःचे ठिपके, किती असाच प्रश्न विचारावा आणि १२८० × ७२० पेक्षा कमी असेल तर घेऊ नये. कमी ठिपक्यांत रफार आणि अनुस्वार अक्षराला चिकटतात, ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या ओळखू येत नाहीत. आकड्यांचे नुकसान याहून गंभीर आहे. फवारणीच्या औषधाच्या तक्त्यातील ‘२.५ मिली’ मधला टिंब पुसट झाला की मागच्या रांगेतला माणूस ते ‘२५ मिली’ असे वाचतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे ज्या भागाने पाहिले आहे, तिथे फवारणीचा तक्ता स्पष्ट दिसणे ही केवळ सोयीची गोष्ट नाही.

शेतीशाळेसाठी घेणाऱ्यांनी रंगही तपासावेत. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीने धरलेली डोमकळी, म्हणजे पाकळ्या न उमलता गुलाबासारखे मिटून राहिलेले फूल, फोटोतून ओळखायला शिकवायचे असेल तर फिक्या रंगांत ती निरोगी फुलापासून वेगळी काढणे कठीण जाते. एका चिपच्या काही डीएलपी (सूक्ष्म आरशांच्या चिपने चित्र पाडणाऱ्या) यंत्रांत पांढरा भाग झगझगीत दिसतो, पण रंगीत चित्र त्या मानाने मंद असते. थ्री-एलसीडी (लाल, हिरव्या व निळ्या रंगासाठी वेगवेगळे एलसीडी असलेल्या) यंत्रांत रंगांचा उजेड पांढऱ्याच्या बरोबरीचा असतो, मात्र ती सहसा आकाराने मोठी असतात.

विजेच्या बाबतीत बॅटरीचे आकडे सावधपणे घ्यावेत. दोन-अडीच तासांचा दावा बहुधा कमी उजेडाच्या स्थितीतला असतो; पूर्ण उजेडावर किती वेळ चालते ते वेगळे विचारावे. गावात आधीच इन्व्हर्टर असेल तर अंगभूत बॅटरी नसलेले यंत्रही चालते: १०० वॅटचा प्रोजेक्टर आणि ६५ वॅटचा लॅपटॉप १५० अँपिअर-अवरच्या एका चांगल्या बॅटरीवर चारेक तास काढतात. व्होल्टेज खाली-वर होत असल्यास स्टॅबिलायझर लावावा.

बहुतेक यंत्रांच्या पुस्तिकेत वापराचे तापमान ३५ किंवा ४० अंशांपर्यंतच दिलेले असते, तर चंद्रपूर, वर्धा, नागपूर या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. तेव्हा दुपारी टिनाखाली यंत्र लावू नये, त्याच्या हवेच्या जाळ्या भिंतीला चिकटवू नयेत आणि कूलरची ओली हवा थेट त्यावर येऊ देऊ नये. कापसाच्या दिवसांत धूळ आणि तंतू आत जाऊन चित्रावर कायमचे डाग दिसू लागतात, म्हणून ‘सील्ड ऑप्टिकल इंजिन’, म्हणजे चित्र तयार करणारा बंदिस्त भाग, असलेले यंत्र मिळत असेल तर थोडे जास्त पैसे द्यावेत.

जोडणीसाठी एचडीएमआय असावेच. प्रोजेक्टरवरील साधे यूएसबी छिद्र बहुधा पेनड्राइव्हसाठी असते, लॅपटॉपचे चित्र त्यातून जात नाही. आणि यूएसबी-सी असले तरी लॅपटॉप व प्रोजेक्टर दोन्हींच्या त्या पोर्टमधून चित्राची देवाणघेवाण होते का, हे पाहूनच त्यावर भरवसा ठेवावा. बिनतारी जोडणी ऐन कार्यक्रमात तुटते, तेव्हा पाच मीटरची केबल सोबत ठेवावी. जोडल्यावर चित्र न दिसल्यास विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडावे.

अंतराचा हिशेब ‘थ्रो रेशो’वरून, म्हणजे पडद्यापासूनचे अंतर भागिले चित्राची रुंदी या आकड्यावरून होतो: तो १.२ असेल तर दोन मीटर रुंद चित्रासाठी यंत्र २.४ मीटर लांब ठेवावे लागते. तिरपे ठेवून कीस्टोनने (चित्राचा तिरपेपणा घालवणाऱ्या सोयीने) चित्र सरळ केले तर ठिपके वाया जातात, म्हणून शक्यतो यंत्र समोर, सरळ आणि चित्राच्या पातळीला ठेवावे. पातळ चादरीतून बराच उजेड पलीकडे निघून जातो. त्याऐवजी चुन्याने किंवा मॅट रंगाने रंगवलेली सपाट पांढरी भिंत बरी.

दुकानात जाताना आपलाच लॅपटॉप, आपल्याच मराठी स्लाइड्स आणि तो फवारणीचा तक्ता घेऊन जावे. दुकानाचे दिवे चालू ठेवूनच चित्र दाखवायला सांगावे, सहा-सात मीटर मागे उभे राहून तक्ता वाचावा, अर्धा तास यंत्र चालू ठेवून पंख्याचा आवाज आणि चित्राच्या कडांचा फोकस पाहावा. बिलावर मॉडेलचा पूर्ण क्रमांक व वॉरंटीची मुदत लिहून घ्यावी, आणि सेवा केंद्र नागपूर, अमरावती किंवा अकोला येथे आहे का, की यंत्र कुरिअरने मुंबईला पाठवावे लागेल, हे पैसे देण्यापूर्वीच विचारून घ्यावे.