मराठवाड्यातून गाडीने जायचंय? आधी फाटे पाठ करा

मराठवाड्यात कुणाला रस्ता विचारा, तो महामार्गाचा नंबर सांगणार नाही, फाटा सांगेल. 'मांजरसुंब्याहून डावीकडं घ्या', 'वारंगा फाट्याला उजवीकडं'. प्रवास आखायला हीच पद्धत बरी. मोबाइलचा नकाशा किलोमीटर वाचवायला कुठल्याही गावरस्त्यात घालतो. पाच-सहा मोठे फाटे माहीत असले की त्याचं किती ऐकायचं ते आपल्याला ठरवता येतं.

नंबरांची रीत आधी बघू. सम आकड्याचा राष्ट्रीय महामार्ग उत्तर-दक्षिण जातो, विषम आकड्याचा पूर्व-पश्चिम. मराठवाड्याचा उभा कणा म्हणजे 52: धुळ्याकडून कन्नड, छत्रपती संभाजीनगर, गेवराई, बीड, येडशी, धाराशिव, तुळजापूर आणि पुढं सोलापूर. आडवा 61: कल्याण-अहिल्यानगरकडून पाथर्डी, मग माजलगाव, पाथरी, मानवत, परभणी, वसमत, नांदेड, भोकर आणि पुढं तेलंगणात निर्मल. तीन अंकी नंबराचे शेवटचे दोन अंक मूळ महामार्गाचे असतात. म्हणजे 161 (अकोला-वाशिम-हिंगोली-नांदेड-देगलूर) आणि 361 (तुळजापूर-औसा-लातूर-अहमदपूर-लोहा-नांदेड-यवतमाळ-बुटीबोरी) या दोन्ही 61 च्या शाखा. दक्षिणेच्या कोपऱ्यातून पुणे-हैदराबादचा 65 नळदुर्ग, उमरग्यावरून जातो. जुन्या पाट्यांवर आणि जुन्या माणसांच्या तोंडी 52 ला 211 आणि 61 ला 222 म्हणतात. रस्ते तेच आहेत. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर ही नावंही काही दगडांवर अजून दिसतील.

आता फाटे. संभाजीनगरहून 52 ने दक्षिणेला निघालात की गेवराईच्या पुढं गढी लागतं. तिथून डावीकडं माजलगाव, पाथरी, परभणी. थोडं पुढं पाडळशिंगी, तिथून उजवीकडं पाथर्डी, अहिल्यानगर. बीड ओलांडून मांजरसुंबा: डावीकडं नेकनूर, केज, अंबाजोगाई, लातूर, सरळ चौसाळा, येरमाळा. येडशीला डावीकडं मुरूड, लातूर, उजवीकडं बार्शी. लातूरकरांचा पुण्याचा रस्ता हाच, पुढं कुर्डुवाडी, टेंभुर्णी. तुळजापूरला 52 आणि 361 भेटतात. नांदेडहून अर्धापूरमार्गे निघालात तर वारंगा फाट्याला डावीकडं कळमनुरी, हिंगोली आणि उजवीकडं हदगाव, यवतमाळ.

जालन्याहून बीडला जाताना संभाजीनगरला वळसा घालायची गरज नाही. अंबड, वडीगोद्रीवरून 52 ला लागा, शहागडला गोदावरी ओलांडा, पुढं गेवराई. नांदेडहून संभाजीनगरला वसमत, औंढा, जिंतूर, मंठा, वाटूर फाटा, जालना हा रस्ता रुळलेला आहे.

समृद्धी महामार्ग मराठवाड्याच्या उत्तरेच्या भागातून, जालना आणि संभाजीनगर जिल्ह्यांतून जातो. एकूण लांबी 701 किलोमीटर. नागपूर-शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 ला उघडला, शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा 5 जून 2025 ला. हिंगोलीकरांना नागपूरला जाताना 161 ने वाशिमच्या पुढं मालेगाव जहांगीरला समृद्धीवर चढता येतं. दुचाकी आणि रिक्षाला इथं मनाई आहे, कारला ताशी 120 ची मर्यादा. उतरायची जागा चुकली तर थांबू नका, मागं तर मुळीच घेऊ नका. पुढच्या इंटरचेंजला उतरून परत या. त्यात डिझेल थोडं जास्त जाईल एवढंच.

टोलबद्दल एक गोष्ट अनेकांना नडते. फास्टॅगचा वार्षिक पास (15 ऑगस्ट 2025 ला 3000 रुपयांना सुरू झालेला, 200 फेऱ्या किंवा एक वर्ष, फक्त खासगी कार-जीप-व्हॅनला) राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांसाठी आहे. समृद्धी राज्याच्या रस्ते विकास महामंडळाची, तिथं तो चालत नाही; अंतराप्रमाणे पैसे नेहमीच्या शिलकीतून कापले जातात. म्हणून पास असला तरी फास्टॅगमध्ये शिल्लक ठेवाच.

कन्नडचा घाट (औट्रम घाट) अवजड वाहनांना ऑगस्ट 2023 पासून उच्च न्यायालयाच्या आदेशानं बंद आहे. ट्रकवाल्यांनी कसाबखेडा, देवगाव, शिऊर बंगला, नांदगावमार्गे चाळीसगाव गाठावं किंवा सिल्लोड, अजिंठ्यावरून जळगावकडं जावं. कारवाल्यांनी घाटात उतरताना न्यूट्रल करू नये. दुसऱ्या गिअरवर उतरा. सारखा ब्रेक दाबून ठेवला तर पॅड तापतात, पेडल दाबूनही गाडी धरत नाही.

कोणत्या महिन्यात निघताय हे फाट्याइतकंच महत्त्वाचं. नोव्हेंबर ते मार्च हा गाळपाचा हंगाम. माजलगाव, पाथरी, अंबाजोगाई, लातूर, धाराशिव या सगळ्या पट्ट्यात रात्री रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर असतात, एका मागं दोन ट्रॉल्या. मागची ट्रॉली नीट बघा. ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला असतो. मागं वाढं (उसाच्या शेंड्याचा पाला) लोंबत असतं, लाल रिफ्लेक्टर त्याखाली झाकलेला. दिवा असला तर ट्रॅक्टरला, ट्रॉलीला बहुधा नाही. आता हिशोब करा. डिपरवर हेडलाइटचा उजेड 40-50 मीटरच पडतो. ताशी 80 वर गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. ट्रॉली दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद, पुढं थांबायला आणखी 35-40 मीटर. एकूण 60 मीटरच्या वर. म्हणजे ट्रॉली दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. ताशी 50 वर हेच 30-35 मीटरमध्ये भागतं. हंगामात दुपदरी रस्त्यावर रात्री 50 च्या वर जाऊ नका. समोरच्या गाडीचा अप्पर डोळ्यावर आला की आणखी कमी करा, कारण ट्रॉली नेमकी त्या झगमगाटाच्या मागं उभी असू शकते. जमत असेल तर या पट्ट्यातून दिवसाच जा.

पावसाळ्यात धोका काळ्या मातीचा. ही माती पाण्यानं फुगते, उन्हानं आकसते, भेगाळते. त्यामुळे डांबरी रस्ता लाटांसारखा होतो आणि कडेनं लांब चिरा पडतात. सिमेंटचा रस्ता टिकतो, पण साइडपट्टी खचून कडेला वीतभर पायरी तयार होते. चाक त्या पायरीवरून खाली उतरलं तर स्टिअरिंग झटक्यानं फिरवू नका. चाक कडेला घासत राहतं, मग एकदम वर उसळतं आणि गाडी समोरच्या लेनमध्ये फेकली जाते. स्टिअरिंग सरळ धरा, अॅक्सिलरेटर सोडा, वेग 20-25 वर आला की कडा कमी असेल तिथून वर घ्या. पावसात गाडी थांबवायची तर पंप, ढाबा, टोलनाका अशी पक्की जागा बघा. साइडपट्टीत रुतलेली कार ट्रॅक्टर आणल्याशिवाय निघत नाही.

यात्रांच्या तारखा कॅलेंडरवर बघून ठेवा. नवरात्र आणि कोजागिरीला तुळजापूरकडं पायी जाणाऱ्यांनी सोलापूर आणि लातूर बाजूचे रस्ते भरून जातात, वाहतूक वळवली जाते. चैत्री पौर्णिमेला येरमाळा, नाथषष्ठीला पैठण, आषाढीआधी पालख्या. या दिवसांत पहाटे अंधारात वेग अगदीच कमी ठेवा, माणसं रस्त्याच्या कडेनंच चालत असतात.

निघण्याआधी टायर बघा. बाजूला कोरलेल्या चार अंकांत पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांवरचा टायर, नक्षी चांगली दिसली तरी, मे महिन्याच्या उन्हात तासन्‌तास 100 वर पळवू नका. हवा सकाळी, टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. गाडी भरलेली असेल तर 'फुल लोड'चा आकडा घ्या. कमी हवेचा टायर चालताना जास्त मुडपतो, आतून तापतो आणि फुटतो. वाटेत तापल्यावर दाब चार-पाच पाॅइंट वाढलेला दिसेल. तो वाढतोच, हवा सोडू नका. स्टेपनीतली हवाही तपासा, ऐन वेळी तीच बसलेली निघते.

गाडी बंद पडली तर राष्ट्रीय महामार्गावर 1033 लावा, अपघात असेल तर 112 किंवा 108. फोनवर 'बीडच्या पुढं कुठंतरी' म्हणून भागत नाही. कडेचा दगड वाचा: पिवळ्या डोक्याचा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या डोक्याचा राज्य मार्गाचा. महामार्गाचा नंबर, दगडावरचा किलोमीटर आणि तोंड कुठल्या गावाकडं आहे, या तीन गोष्टी सांगा. चौपदरीवर दिशा सांगितली नाही तर मदतीची गाडी दुभाजकाच्या पलीकडं येऊन उभी राहते आणि वळायला पुढच्या कटपर्यंत जाते. तोवर त्रिकोण गाडीच्या मागं किमान 50 मीटरवर ठेवा आणि माणसं गाडीत न बसवता कठड्याच्या बाहेर उभी करा.